खाडीत बांधलेली होडी आणि तिच्यावरची चीजवस्तू



होडीचा विषय कृषी विस्तार अधिकाऱ्याने कशाला काढावा, असे काही वाचकांना वाटेल. घाटावरच्या मंडळींना तर तो परकाच वाटेल. पण पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत खाडीकाठी राहणाऱ्या कुटुंबांचा संसार डोळ्यांपुढे आणा. थोडी भातजमीन, त्यात एखादा खाजणाचा तुकडा, पाच-पंचवीस माड, चार कलमे आणि खाडीत बांधलेली एक होडी. कुणी तिला होडके म्हणते, कुणी डोणी. घरापुरती मासळी तिच्यावर येते, पलीकडच्या काठावरचे गवत आणि शेणखत तिच्यावर येते, आंब्याच्या पेट्याही येतात. या घरात होडी म्हणजे बैलगाडीच. उजनी, जायकवाडी यांसारख्या धरणांच्या फुगवट्याकाठी राहणाऱ्या शेतकऱ्यांकडेही आता होड्या आहेत. तेव्हा हा विषय शेतकऱ्याच्या घरचाच आहे.

फरक एवढाच की बैल संध्याकाळी गोठ्यात येतो आणि होडी बाहेर राहते. रात्री आपण बैल शेतात सोडून येत नाही. होडी मात्र इंजिन, जाळी, डिझेल-पेट्रोलचा डबा, वल्ही यांसह खाडीत ठेवून आपण घरी येऊन झोपतो. लावणीच्या दिवसांत तर चार-चार दिवस तिकडे फिरकणेही होत नाही.

होडीला मागे अडकवतात ते आऊटबोर्ड इंजिन आज लाखाच्या घरात किंवा त्याहून वर जाते. ते बहुधा कर्जाने घेतलेले असते. ते गेले की पैसा तर जातोच, पण हंगामही जातो. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला हजर होतो. एवढी मोलाची वस्तू होडीला कशाने धरलेली असते? हाताने फिरवायच्या दोन फिरक्यांनी. त्या सैल केल्या, तेलाची नळी उपसून काढली, की इंजिन सुटले. दहा अश्वशक्तीच्या आतले इंजिन साधारण ३५ ते ४५ किलो भरते. दोन धट्टीकट्टी माणसे ते पाच मिनिटांत उचलून दुसऱ्या होडीत ठेवतील. चोराला आपली होडी नकोच असते. होडी मोठी, तिच्यावर क्रमांक, रंग ओळखीचा, ती लपवायची कुठे? त्याला हवे असते ते सुटे निघणारे. म्हणून होडीला कुलूप कसे लावावे हा प्रश्न दुसरा. होडीवर काय ठेवावे आणि काय ठेवू नये, हा पहिला.

चोराचे पंचांग

खाडीकाठच्या जुन्या माणसांना भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमी असेल तर सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. दिवसाची एक आणि रात्रीची एक, दोन्ही भरत्या याच हिशेबाने धराव्यात. हा हिशेब ठोकळ आहे. दक्षिण कोकणात भरती थोडी लवकर येते, खाडीत आत जावे तसतशी उशिरा येते. आपल्या धक्क्याचा फरक आपल्याला ठाऊक असतोच.

हा हिशेब चोरालाही येतो, कारण तोही पाण्यावरचाच माणूस असतो. अष्टमीच्या आसपास मध्यरात्री ओहोटी असते. होडी चिखलात बसलेली, काठापर्यंत गुडघाभर गाळ. त्या गाळातून ४० किलोचे इंजिन घेऊन जाणे सोपे नाही. उलट वद्य त्रयोदशीपासून शुद्ध पंचमीपर्यंत रात्री पाणीही असते आणि अंधारही. वद्य पक्षाच्या शेवटी चंद्र पहाटे उगवतो, शुद्ध पक्षाच्या सुरुवातीला तो लवकर मावळतो आणि भरती ऐन रात्रीची. चोराची होडी आवाज न करता आपल्या होडीला येऊन टेकते.

आता आपले सण पाहा. गणेश चतुर्थी शुद्ध चतुर्थीची. त्या रात्री चंद्र लवकर मावळतो आणि भरती तीनच्या सुमारास. आरत्या-भजने आटोपून सारी वाडी त्याच वेळी गाढ झोपलेली असते. लक्ष्मीपूजन अमावास्येचे. शिमग्याची पौर्णिमा उजेडाची खरी, पण त्या रात्री गावातला प्रत्येक पुरुष होळीपाशी असतो आणि खाडीवर कुत्रेही नसते. लावणीच्या दिवसांत आभाळ भरलेले असते, तेव्हा पौर्णिमा काय आणि अमावास्या काय, सारखीच. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत वर्षाच्या सुरुवातीलाच या रात्रींवर पेन्सिलीने खूण करून ठेवावी. बाकीच्या रात्री निष्काळजी राहा असे मी म्हणत नाही. पण वर्षाचे ३६५ दिवस सारखी जागरूकता कुणालाच जमत नाही, या ठराविक रात्री मात्र जमतात.

जे सुटते ते घरी

इंजिन रोज घरी न्यावे का? होडी रोज वापरत असाल आणि घर धक्क्यापासून दूर असेल तर ते जमणार नाही, हे मला कळते. पण दोन दिवसांपेक्षा जास्त होडीकडे जाणे होणार नसेल, तर इंजिन घरीच आणावे. दोघांनी उचलावे, एकट्याने कंबर मोडून घेऊ नये. काढल्यावर ते थोडा वेळ उभेच धरावे, म्हणजे आतले खारे पाणी खाली निथळून जाते. पंख्याची बाजू वर आणि डोक्याची बाजू खाली अशी कधीही धरू नये, नाहीतर राहिलेले पाणी सिलिंडरकडे जाते. चार-स्ट्रोकचे इंजिन आडवे करायचेच झाले तर कोणत्या कुशीवर, ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. चुकीच्या कुशीवर टाकले तर तेल नको तिथे जाते. मांगरात लाकडाचा एक घोडा करून त्यावर जाड फळी ठोकावी आणि इंजिन त्या फळीला होडीसारखेच उभे अडकवावे. आणल्याबरोबर ते गोड्या पाण्याने धुवावे, आतूनही पाणी फिरवावे. इंजिन घरी आणल्याचा हा फायदाच आहे, कारण खाऱ्या पाण्यात लोंबकळत राहिलेल्या इंजिनाचे आयुष्य चोर न येताही कमी होते.

इथे घरच्या बायकांशी दोन शब्द बोलायचे आहेत. इंजिनाबरोबर पेट्रोलचा डबाही घरी येतो, आणि पावसाळ्यात तो सोयीची जागा म्हणून पडवीत किंवा चुलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात ठेवला जातो. हे होऊ देऊ नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत पसरत जाते आणि पंधरा पावलांवरची चूलसुद्धा गाठू शकते. देवापुढची समईही तिला पुरते. डबा आणि इंजिन दोन्ही मांगरात, घरापासून अलग, वारा खेळता असेल अशा जागी ठेवावीत. मांगराला कुलूप असावे आणि मुलांना तिथे खेळू देऊ नये. घरधनी ऐकत नसेल तर माझे नाव सांगा.

बाकीच्या वस्तूंचे असे. बॅटरी, वायरलेस किंवा जी.पी.एस. यंत्र, टॉर्च, हत्यारांची पेटी यांतले काहीही रात्री होडीवर राहू नये. त्यासाठी घट्ट झाकणाचा एक डबा करावा, जाताना एका हाताने न्यायचा आणि येताना आणायचा. इंजिन बंद करायची लाल दोरी आणि तिची खिट्टी खिशात घालूनच उतरावे. ती नसेल तर जाणकार चोर काहीतरी जुगाड करील, पण त्याला वेळ लागेल. वल्हीसुद्धा घरी आणावीत. वल्ह्याला कोण विचारतो असे वाटते, पण वल्ही नसलेली होडी अंधारात हलवणे अवघड असते. चार माणसांची सुरक्षा जाकिटे होडीत टाकून येणारे पुष्कळ आहेत. ती चोरीला गेली नाहीत तरी उंदीर कुरतडतात. जाळी वाळवून माळ्यावर टांगावीत. पाग तर खांद्यावरच येतो.

कागदांविषयी गोंधळ असतो. समुद्रात जाताना नोंदणीचा दाखला, परवाना आणि ओळखपत्र जवळ लागते, म्हणून अनेकजण ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून होडीतच खोचून ठेवतात. होडीबरोबर कागदही गेले तर होडी आपली हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात. कागद जाताना बरोबर न्यावेत आणि येताना परत आणावेत. त्यांची छायाचित्रे मोबाईलवर घ्यावीत, आणि तोच मोबाईल खाडीत पडू शकतो म्हणून मुंबईच्या भावाकडे किंवा लेकीकडेही पाठवून ठेवावीत.

दागिन्यांचे सांगायला नको, तरी सांगतो. पलीकडे लग्नाला जाताना होडीतल्या पेटीत दागिने ठेवून मंडळी धक्क्यावर उतरतात आणि ‘आत्ता येतो’ म्हणून तासभर जातात. पेटी माणसाबरोबर उतरली पाहिजे.

साखळी, कुलूप आणि उधाण

जे घरी आणता येत नाही, त्याला कुलूप लागते. इंजिनाच्या दोन्ही फिरक्यांवर बसणारे नळीसारखे कुलूप मिळते. ते बसवले की फिरक्या फिरत नाहीत. शिवाय इंजिनाच्या पकडीला बोल्टसाठी भोके असतात. त्यांतून पिछाडीच्या फळीत आरपार बोल्ट घालून घ्यावेत. इंजिन वारंवार काढायचे असेल तर बोल्टऐवजी त्याच भोकातून साखळी ओवावी आणि ती होडीच्या आत पक्क्या बसवलेल्या कडीला कुलपाने जोडावी. कडी नुसत्या स्क्रूवर बसवलेली नको, पेचकसाने ती मिनिटात निघते. ती आरपार बोल्टाची असावी, आतून रुंद वायसर घालावा आणि नट आवळल्यावर बोल्टाचे टोक लोहाराकडून ठोकून पसरवून घ्यावे.

दोराचा काही उपयोग नाही. नायलॉनचा दोर कितीही जाड असला तरी कोयत्याच्या एका घावाचा धनी. साखळी जस्त चढवलेली घ्यावी आणि तिच्यावर सायकलची जुनी ट्यूब चढवावी, म्हणजे ती होडी खरवडत नाही आणि रात्री खडखडतही नाही. कुलूप पितळेचे घ्यावे. स्वस्तातले लोखंडी कुलूप खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजून बसते, मग मालकालाच ते हातोडीने तोडावे लागते. किल्लीच्या भोकावर ट्यूबचाच एक तुकडा झाकण म्हणून लोंबता ठेवावा आणि महिन्यातून एकदा तेलाचे दोन थेंब सोडावेत. किल्ली मात्र खुंट्याजवळच्या दगडाखाली ठेवू नये. ती जागा आपल्या घरात एकालाच ठाऊक आहे अशी आपली समजूत असते, आणि वाडीतल्या पोरासोरांनाही ती ठाऊक असते.

आता ज्याकडे पुष्कळांचे लक्ष जात नाही ते सांगतो. साखळीला पाण्याचा हिशेब लागतो. उधाणाच्या दिवसांत मुंबईकडे पाणी चार मीटरच्या वर चढते-उतरते, मालवण-वेंगुर्ल्याकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. ओहोटीला होडी धक्क्याच्या खांबाला हातभर साखळीने जखडून आपण निश्चिंत घरी गेलो, तर भरतीला होडीचे तोंड खालीच अडकून राहते, पाणी काठावरून आत येते आणि कुलूप शाबूत राहून होडी तळाला जाते. अशी बुडालेली होडकी मी पाहिली आहेत. म्हणून साखळीचे टोक उंचावर बांधावे आणि तिची लांबी उधाणाच्या फरकापेक्षा जास्त ठेवावी. त्याहून चांगले म्हणजे उभ्या लोखंडी नळावर वरखाली सरकणारी मोठी कडी बसवून साखळी त्या कडीला जोडावी. नळाचे वरचे टोक वळवून बंद केले पाहिजे, नाहीतर कडीच वरून निघून यायची. भांगाच्या दिवसांत बेतलेली साखळी उधाणाला पुरेलच असे नाही, हे लक्षात ठेवून एकदा पौर्णिमेच्या भरतीला स्वतः उभे राहून पाहावे.

काठावर ओढलेली होडी माडाला बांधण्याची आपल्याकडे सर्रास चाल आहे. इथे माझे शेतीखाते आडवे येते. साखळी माडाच्या खोडाला घासून जखम करते. आंब्या-फणसाच्या जखमेभोवती नवी साल धरते, माडाच्या खोडाची जखम कधीच भरून येत नाही. अशा जखमेत सोंड्या भुंगा अंडी घालतो, आणि कोवळ्या माडाला तर तो हमखास गाठतो. होडी राखली आणि माड गमावला, तर काय मिळवले? सिमेंट काँक्रीटचा एक ठोकळा कडीसकट जमिनीत कमरेएवढा खोल पुरावा. एका दुपारचे काम आहे. तोवर माडालाच बांधायचे झाले तर खोडाभोवती गोणपाटाच्या तीन-चार पदरी घड्या घालाव्यात.

पावसाळ्यातले दोन महिने

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. नेमकी तेव्हाच शेतीची घाई असते. पेरणी, तरवा काढणे, चिखलणी, लावणी. होडी वर ओढून, झापांनी शाकारून माणूस शेतात उतरतो तो नारळी पौर्णिमेच्या सुमारास परत होडीकडे पाहतो. दोन महिने झापांखाली काय चालले आहे हे कुणी पाहत नाही. झापांचे आच्छादन ऊनपावसापासून जपते तसे चोराच्या हातांनाही झाकते.

म्हणून शाकारण्याआधी होडी पूर्ण रिकामी करावी. तळाचे बूच काढून ठेवावे. त्याने आत पडलेले पावसाचे पाणी आपोआप निघून जाते, आणि बूच आपल्या घरी किल्लीबरोबर टांगलेले असले म्हणजे कुणाला ती होडी सहजासहजी पाण्यात लोटताही येत नाही. बूच ज्या खिळ्याला टांगाल त्याच खिळ्याला इंजिनाची लाल दोरीही टांगा, म्हणजे पहिल्या दिवशी बूच न बसवता होडी पाण्यात लोटण्याचा प्रसंग येणार नाही. लहान होडी असेल तर ती पालथी घालावी. आठवड्यातून एकदा तरी घरातल्या कुणीतरी चक्कर मारावी. शाळेतून येताना मुलांनी पाहून यावे, तेवढेही पुरते. झाप हललेले दिसले तर घरी सांगायचे, स्वतः आत डोकावायचे नाही. पावसाळ्यात झापांखाली जनावर बसलेले असते.

एक वाईट प्रकार कानावर येतो, त्याविषयी स्पष्ट लिहितो. रानडुकरांसाठी काहीजण शेताभोवती तारेत वीज सोडतात, तसाच बेत कुणी होडीभोवती करू नये. ओल्या काठावर, खाऱ्या पाण्यात तो प्रवाह कुठवर जाईल याचा नेम नाही. त्या तारेवर चोर सापडण्याआधी आपले पोर, शेजाऱ्याची म्हैस किंवा पहाटे कालवे काढायला निघालेली बाई सापडेल. हा गुन्हा आहे आणि माणूस मेला तर तुरुंगवास आहे. डबे-डबड्यांची माळ बांधून ठेवण्याची जुनी युक्ती निरुपद्रवी आहे, पण लाटेने ती रात्रभर वाजते आणि चौथ्या रात्री कुणी उठत नाही. हालचाल झाली की पेटणारा लहान सौर दिवा त्यापेक्षा बरा. तो धक्क्याच्या खांबावर उंच बसवावा आणि चार होडीवाल्यांनी मिळून घ्यावा.

खूण आणि वही

सगळी काळजी घेऊनही वस्तू गेलीच, तर ती आपली हे सांगता आले पाहिजे. पोलिसांना सापडलेले इंजिन समोर ठेवले आणि ‘तुमचे कोणते?’ असे विचारले तर ‘ते निळे’ एवढ्यावर भागत नाही. इंजिनाच्या पकडीवर क्रमांकाची पट्टी असते. तिचे छायाचित्र घ्यावे आणि क्रमांक वहीतही उतरावा. चोर ती पट्टी उपसून टाकतो किंवा घासतो. म्हणून इंजिनाच्या वरच्या टोपीच्या आतल्या बाजूस, सहज न दिसेल अशा जागी, आपल्या होडीच्या नोंदणी क्रमांकाचे शेवटचे आकडे कोरून ठेवावेत. सिलिंडरवर किंवा पकडीच्या पातळ भागावर छिन्नी चालवू नये, तिथे तडा जातो. जाळ्याच्या ठराविक बोयांवर तापल्या सळईने डाग द्यावा, किंवा कडेच्या दोरीत वेगळ्या रंगाचा धागा ठराविक अंतराने गुंफावा. गुरांच्या कानात बिल्ला मारतो तसेच हे.

शेतीच्या खर्चाची वही आपण ठेवत असालच, निदान ठेवावी असे मी वीस वर्षे सांगत आलो आहे. तिचेच एक पान होडीला द्या. इंजिन कधी घेतले, कुणाकडून, पावती क्रमांक, बॅटरी, जाळी किती किलोची. ही पावती विम्यालाही लागते. विमा असेल तर कंपनीला आधीच विचारून घ्यावे की केवळ इंजिन चोरीला गेले तर भरपाई आहे का, आणि घरी काढून ठेवलेल्या इंजिनाला विमा लागू आहे का. पुष्कळदा संरक्षण होडी बुडण्याला असते, आणि मालकाची समजूत असते की सगळ्यालाच आहे.

शेजाऱ्याचा डोळा

कुलूप फार तर दहा मिनिटे मिळवून देते. त्या दहा मिनिटांत कुणीतरी पाहणारे असले तर त्याचा उपयोग. वाडीत गुरे राखायला पाळी असते, राखण असते, देवळाच्या दिव्याचीही पाळी असते. खुणा केलेल्या त्या काळोख्या रात्री धक्क्यावरही दोघांची पाळी असावी. भरतीच्या वेळेआधी एक तास आणि नंतर एक तास पुरे, रात्रभर जागायचे कारण नाही. भरतीची वेळ ठाऊक असण्याचा हा फायदा. पाळीवाल्यांनी चोराशी मारामारी करायची नाही. बॅटरीचा झोत टाकायचा, ओरडायचे आणि फोन करायचा. ११२ हा सर्व मदतीचा क्रमांक आहे, सागरी सुरक्षेसाठी पोलिसांचा १०९३ आहे आणि तटरक्षक दलाचा १५५४. हे तीन आकडे धक्क्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवावेत.

पोलीस रिकाम्या होड्यांविषयी एवढे का विचारतात, असे मला अनेकदा विचारले जाते. कारण साधे आहे. १९९३ मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला स्फोटके उतरली. २००८ च्या नोव्हेंबरात अतिरेक्यांनी ‘कुबेर’ ही मासेमारी नौका भर समुद्रात ताब्यात घेतली, तिच्यावरच्या खलाशांचा जीव घेतला आणि पुढे रबरी होडीतून ते मुंबईत कफ परेडच्या मच्छिमारनगरला उतरले. ती काही धक्क्यावर सोडलेली होडी नव्हती. पण किनाऱ्यावर मासेमारीची होडी दिसली की कुणी दुसऱ्यांदा पाहत नाही, हे तेव्हापासून सगळ्यांना कळून चुकले आहे. आपली होडी इंजिन, तेल आणि चावीसह तयार उभी राहणे म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती ती सवय देणे. नोंदणी क्रमांक दोन्ही बाजूंना स्पष्ट रंगवलेला असावा. तो पुसट झाला असेल तर गणपतीच्या आधी भिंती रंगवताना उरलेल्या रंगात ते कामही उरकावे. आपल्या धक्क्यावर अनोळखी होडी दोन दिवस उभी दिसली तरी कळवावे.

चोरी झालीच तर

सकाळी जाऊन पाहावे तर इंजिन नाही, तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत वीस माणसे होडीत चढतात आणि चिखलातले पायांचे ठसे, तुटलेले कुलूप, पडलेला पाना सगळे तुडवले जाते. कुणालाही चढू देऊ नका. आधी छायाचित्रे घ्या, रात्रीची भरती किती वाजता होती ते लिहून ठेवा. चोर कोणत्या वेळी आला आणि पाण्याच्या ओढीने कोणत्या दिशेला गेला असेल, याचा अंदाज त्यावरून येतो. मग पोलीस ठाण्यात जा. खाडीचा अलीकडचा काठ एका ठाण्याकडे आणि पलीकडचा दुसऱ्याकडे, म्हणून हद्दीचा वाद निघू शकतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर नोंदवून घेतली पाहिजे आणि तिची प्रत फुकट दिली पाहिजे. प्रत घेतल्याशिवाय उठू नका. तीच प्रत विमा कंपनीला, बँकेला आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याला लागते.

त्याच दिवशी आणखी एक काम करा, ते बहुतेकजण विसरतात. पंचक्रोशीत आऊटबोर्ड इंजिने दुरुस्त करणारे मिस्त्री हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. चोरीचे इंजिन आज ना उद्या यांच्यापैकी कुणाकडे तरी येते, कारण घाईने उपसताना काहीतरी मोडलेलेच असते. प्रत्येकाला इंजिनाचा क्रमांक आणि आपली आतली खूण यांचा कागद नेऊन द्या.

आणि हेच उलट बाजूने. बाजारात कुणी निम्म्या किमतीत वापरलेले इंजिन देऊ लागला आणि पावतीचे विचारल्यावर ‘भावाकडे आहे’ म्हणाला, तर हात लावू नका. पकडीवरची पट्टी जागेवर आहे का, आकडे घासलेले आहेत का, वरची टोपी काढून आत कुणाचे कोरीव आकडे आहेत का, हे पाहा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. पावती मूळ मालकाच्या नावाची मागावी, विकणाऱ्याकडून साध्या कागदावर इंजिनाच्या क्रमांकासह विक्रीचा लेख आणि सही घ्यावी, त्याच्या ओळखपत्राची प्रत त्याला जोडावी आणि तो कागद वहीच्या त्याच पानात चिकटवून ठेवावा.